घरासाठी नवीन कॉम्प्युटर घेतोय, काय टाकू काय नको? (बाबांचं मराठी लिखाण + वहिनीचं टॅली + शाळकरी पुतण्या)

मेणवलीकर

नमस्कार मंडळी. गावी वाईजवळच्या घरी नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय, दिवाळीपासून घेऊ घेऊ चाललंय, आता या महिन्यात उरकायचंच. जुना डेस्कटॉप विंडोज ७ वाला आहे, तो चालू होईपर्यंत चहा उकळून होतो. मी स्वतः पुण्यात असतो त्यामुळे एकदा जाऊन सगळं नीट बसवून द्यायचंय, परत परत फोनवर "आता कुठलं बटण दाबू" असं व्हायला नको.

वापरणारे तिघं. वहिनी घरून दोन-तीन दुकानांचं जीएसटी आणि अकाउंट्स बघते, तिला टॅली लागतं. पुतण्या आठवीत आहे, अभ्यास आणि थोडं कोडिंग. आणि बाबा. बाबा रिटायर्ड शिक्षक, आजूबाजूच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करत आलेत, बऱ्याच वह्या भरल्यात. त्यातल्या काही त्यांनी पूर्वी गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या, त्या पेजमेकरच्या (डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर) फाइली आणि काही वर्डच्या, सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर उघडल्या तर नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे ठोकळे दिसतात. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या त्यातल्या बहुतेक आता नाहीत, त्यामुळे हे गेलं तर गेलंच.

बजेट ५० हजार, मॉनिटर धरून. डेस्कटॉप का लॅपटॉप, विंडोज का लिनक्स, ऑफिस विकत घ्यायचं का, अँटीव्हायरस लागतो का, आणि मराठीचं काय करायचं, जे सुचेल ते सांगा.

जुळारी

घरी एका जागी राहणार असेल तर डोळे झाकून डेस्कटॉप घ्या. त्याच पैशात मोठा मॉनिटर मिळतो, बाबांच्या डोळ्यांना बरं पडेल, आणि उद्या काही बिघडलं तर तेवढाच पार्ट बदलता येतो.

प्रोसेसर इंटेलचा आय३-१२१०० पुरून उरेल, फक्त एक बघा, नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका. एफ म्हणजे त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागतं, दुकानदार थोडा स्वस्त पडतो म्हणून तोच पुढे करतात आणि मग घरी आल्यावर मदरबोर्डला केबल लावली तरी स्क्रीन काळी. एसएसडी (साठवणीची डिस्क) ५१२ जीबीची, एनव्हीएमई म्हणजे वेगवान प्रकारातली. रॅम १६ असेल तर उत्तम पण सध्या रॅमचे भाव चढलेत, नसेल बसत बजेटमध्ये तर ८ ची एकच स्टिक घ्या म्हणजे दुसरा स्लॉट मोकळा राहतो आणि पुढे वाढवता येते. ४-४ च्या दोन अजिबात नको.

सेकंडहँड ऑफिस पीसी खूप स्वस्तात मिळतात हल्ली, त्यात इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचे असतात बहुतेक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचं आठवं जनरेशन किंवा पुढचं आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. दुकानदार ११ टाकून देतो म्हणेल, चालतंही, पण पुढचे मोठे अपडेट येतील न येतील याची खात्री नाही. ज्या मशीनवर लोकांचे हिशोब राहणार त्यावर असला जुगाड नको.

यूपीएस विसरू नका!! गावाकडे लाईट जाते-येते त्यात एसएसडीपेक्षा टॅलीचा डेटा आधी खराब होतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस फाइल सेव्ह करून नीट बंद करायला पुरतो, बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा.

रानवाट

विंडोजवर पैसे कशाला घालवताय, लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, विंडोजसारखंच दिसतं, लिबरऑफिस (फुकट ऑफिस) आणि फायरफॉक्स आधीच असतात, मराठी कीबोर्ड सेटिंगमधून दोन मिनिटात सुरू होतो. आमच्या घरी आईबाबा दोघं तेच वापरतात आणि मला फोन येणं जवळजवळ बंद झालंय. जुन्या डेस्कटॉपवर पण मिंट टाका, ४ जीबी रॅम असेल तरी पुतण्याला पायथन शिकायला मस्त होईल. आजच फॉर्मॅट मारा.

ओसरी

थांबा थांबा, जुना डेस्कटॉप इतक्यात फॉर्मॅट करू नका! मेणवलीकर, तुमच्या घरात सगळ्यात महागाची वस्तू तीच आहे सध्या. ते जुने फॉन्ट, पेजमेकर, सगळं त्याच मशीनवर नीट चालतंय ना? मग नवीन आणण्याच्या आधी त्याचं काम उरकायचं.

मी बरीच वर्षं डीटीपीत काम केलंय, तेव्हाच्या फाइली काढून देण्यासाठी अजून लोक येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

श्रीलिपी काय किंवा इतर जुने फॉन्ट काय, त्यात फाइलच्या आत मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की मराठी गेलं. म्हणून पहिलं काम, जुन्या मशीनवर कुठलाही फुकट पीडीएफ प्रिंटर टाका आणि प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो त्यामुळे ती कुठेही जशीच्या तशी दिसेल. शोध लागणार नाही तिच्यात, कॉपी केलं तर ठोकळेच येतील, पण डोळ्यांना वाचता येणारी एक प्रत कायमची झाली आणि पुढे तपासायला तीच लागणार आहे. दुसरं, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते सगळे टीटीएफ (फॉन्टच्या फाइली) एका पेन ड्राइव्हवर घ्या. तिसरं, मूळ फाइली जशाच्या तशा दोन ठिकाणी.

मग युनिकोडमध्ये आणायचं, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा आताच्या पद्धतीत. वर्डच्या फाइली सोप्या, मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये (जुन्या फॉन्टचे कोड युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर) टाकायचा, फक्त फॉन्टचं नाव बरोब्बर निवडायचं कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टचे कोड पण वेगळे असू शकतात. पेजमेकरचं जरा कठीण आहे, त्याचं शेवटचं व्हर्जन ७ हे २००१ चं, आणि इनडिझाइन म्हणजे त्याच्या नंतरचं सॉफ्टवेअर, त्यात सीएस६ व्हर्जनपर्यंतच त्या फाइली उघडायच्या, नंतरच्यात नाही. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये ६ आणि ७ च्या फाइली उघडतात, मांडणी विस्कटते पण मजकूर हाती लागतो. ते पण नाही जमलं तर पीडीएफच्या पानाचं चित्र करून ते गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडा, तो चित्रावरून मराठी ओळखून युनिकोड मजकूर देतो, चांगला देतो.

यातलं काहीही केलं तरी नंतर माणसानेच वाचावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं आहे, म्हणून कन्व्हर्टर तिथेच गडबडतो. "स्थिती" चं "स्िथती" होतं. "निर्मिती", "मूर्ती", "वर्षं", "दऱ्या", "सुऱ्या" असले शब्द शोधून शोधून बघा, त्यात बरोबर आलं तर बाकी बहुतेक बरोबर असतं. बाबांना पीडीएफची प्रिंट देऊन शेजारी बसवा, ओव्या त्यांना पाठ असतील, त्यांच्या नजरेतून चूक सुटणार नाही.

मेणवलीकर

ओसरी ताई, काय सांगू, हे कुणीच सांगितलं नव्हतं. शनिवारी गावी जातोय, आधी पीडीएफ. रानवाट दादा, फॉर्मॅट तूर्तास थांबवलं.

अजून एक, बाबांना टायपिंग येत नाही. उरलेल्या वह्या कशा आत घ्यायच्या? आणि वहिनीचं टॅली लिनक्सवर चालेल का?

दवबिंदू

टॅली फक्त विंडोजवर, तो विषय तिथेच संपला. लिनक्सवर जोडजाड करून चालवणारे आहेत पण रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला ते बंद पडलं तर वहिनींनी काय करायचं? मी पण हेच काम करते. ओरिजिनल विंडोज ११ होम घ्या आणि बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर सेटिंगमध्ये सिस्टीम, ॲक्टिव्हेशन उघडून बघा. आमच्याकडे एका दुकानदाराने विंडोज आणि ऑफिस "फ्री टाकून दिलंय" म्हणून दिलं होतं, ते क्रॅक केलेलं निघालं, अँटीव्हायरस बंद करून ठेवलेला होता त्यात. ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन होणार तिथे हे चालायचं नाही.

तिघांचे तीन युजर करा. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे आणि वहिनींकडे, मुलाला साधा युजर, म्हणजे गेमच्या नावाखाली काहीबाही इन्स्टॉल होणार नाही.

विंडोज बसवल्यावर दोन गोष्टी लगेच करा. हल्ली मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, आणि पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही झालं की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती त्या अकाउंटमध्ये असते, आत्ताच काढून कागदावर लिहून कपाटात ठेवा. ज्या अकाउंटने सुरू केलं त्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही असं फार होतं. दुसरं वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण. तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलून वर चढवायला लागतो, फुकट जागा ५ जीबी, ती भरली की रोज मेसेज. बॅकअप बंद करून टाका त्याचा.

अँटीव्हायरस वेगळा नको, विंडोजचा डिफेंडर पुरे, फक्त अपडेट चालू ठेवा. बॅकअपला १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क, आठवड्याला एकदा लावायची, कॉपी झाली की काढून ठेवायची. कायम लावून ठेवली तर व्हायरस आला की दोन्हीकडचं जातं.

रानवाट

टॅलीचं माहीत नव्हतं, मग विंडोजच बरोबर. जुन्या मशीनचं काम संपलं की मात्र मिंट टाकाच, तिला इंटरनेटवर विंडोज ७ सकट ठेवू नका.

बाकी सॉफ्टवेअर कमीच ठेवा. फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, जाहिराती जातात आणि त्याबरोबर खोटी डाउनलोडची बटणं पण जातात, घरच्या लोकांसाठी हे सगळ्यात मोठं संरक्षण आहे. क्रोममध्ये आता त्याची फक्त लाइट आवृत्ती चालते. व्हीएलसी, सेव्हन-झिप, पीडीएफला सुमात्रा. ही सगळी नाइनाइटच्या साइटवर टिक करून एकदम बसवता येतात. पासवर्डसाठी बिटवॉर्डन. बस. ड्रायव्हर अपडेटर, रजिस्ट्री क्लीनर असलं काही दिसलं तर काढून टाका.

ओसरी

ऑफिस विकत घ्यायची गरज नाही, लिबरऑफिस घ्या. वहिनींना एखाद्या क्लायंटची मॅक्रोवाली एक्सेल येत असेल तरच विचार करा. लिबरऑफिसमध्ये एक सेटिंग मात्र करावंच लागतं, टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. नाहीतर फॉन्टचा साइज बदलला की इंग्रजीच मोठं होतं, मराठी जागचं हलत नाही, आणि लोक म्हणतात यात मराठी नीट चालत नाही. फॉन्ट मुक्ता घ्या, मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, फुकट आहे आणि सगळी जोडाक्षरं छान आहेत. आयआयटी मुंबईचा शोभिका पण पुस्तकासाठी सुंदर दिसतो.

आता बाबांचं. ओव्या आहेत म्हणजे बोलून घेणं सगळ्यात सोपं. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी, साधा हेडफोनचा माइक चालतो. बाबांनी एक एक ओळ म्हणायची, चालीत गाऊन नाही, सावकाश बोलून. पण एक फार जपायचंय, ते यंत्र बोलीतले शब्द प्रमाण करून टाकतं. बाईने "व्हतं" म्हटलेलं "होतं" होईल, "म्या" चं "मी" होईल, आणि ओवीचा जीव तिथेच जातो. म्हणून रोज जेवढं बोलून होईल तेवढं त्याच दिवशी वहीशी ताडून बघायचं, महिन्याभराचं साठवलं की कुणी बघत नाही. तपासून झालं की ओडीटीमध्ये (लिबरऑफिसची फाइल) सेव्ह. फाइलच्या नावात गाव आणि सांगणारीचं नाव येऊ द्या, वहीत असेलच. आणि वह्यांच्या पानांचे फोटो पण काढून ठेवा, बाबांचं अक्षर पण राहिलं पाहिजे.

दुरुस्तीपुरतं टायपिंग लागेलच, त्यासाठी इन्स्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची ठरलेली मांडणी) शिकवा. म्हाताऱ्या माणसाला जमणार नाही असं समजू नका, शिक्षक आहेत, बाराखडीच्या क्रमानेच आहे ते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, के वर क आणि शिफ्ट धरला की ख, आय वर ग, शिफ्टने घ. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. तुम्हाला आणि वहिनींना रोमनमधून लिहायची सवय असेल तर विंडोजमध्येच मराठी फोनेटिक आहे, तो टाका.

मेणवलीकर

बाबांना आत्ता फोनवर वाचून दाखवलं. "व्हतं" चं ऐकून म्हणाले की डीटीपीवाल्याने पण तेच केलं होतं, त्यांनी सगळं परत दुरुस्त करून घेतलं होतं. इन्स्क्रिप्टचा तक्ता प्रिंट करून आण म्हणाले, मोठ्या अक्षरात.

ताई, इन्स्क्रिप्टमध्ये "दऱ्या" कसं लिहायचं? आणि जुळारी, प्रिंटर कुठला बघू?

ओसरी

ओ दाबून द, मग शिफ्ट धरून जे म्हणजे नुक्तावाला ऱ, मग डी म्हणजे हलन्त, स्लॅशवर य, ई वर काना. साधा र घेतलात तर "दर्या" होईल, समुद्र.

जुळारी

महिन्याला दोन-चारशे पानं आणि रंगीत पण लागणार असेल तर इंक टँक, पण तो आठवड्यातून एकदा तरी चालवावा लागतो नाहीतर हेड वाळतं. कधीतरीच लागणार असेल तर ब्लॅक अँड व्हाइट लेझर, महिनाभर पडून राहिला तरी काही होत नाही. वह्यांसाठी वर स्कॅनर असलेलाच घ्या. आणि लेझर घेतलात तर यूपीएसला लावू नका, सरळ भिंतीच्या सॉकेटला, तो गरम होताना एवढा करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.