एडिंबरोच्या बॉटनिक गार्डनमध्ये फ्रॉस्टचे फोटो काढायचेत, जाणकारांचा सल्ला हवा

शेवंती

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या मध्यावर एडिंबरोला मैत्रिणीकडे मुक्काम आहे. तिचं घर स्टॉकब्रिजला, म्हणजे रॉयल बॉटनिक गार्डन चालत जाण्याच्या अंतरावर. एखादी सकाळ कडक फ्रॉस्टची (गवता-पानांवर गोठलेल्या पांढऱ्या हिमकणांची) मिळाली तर ती पूर्ण बागेतच घालवायचा बेत आहे.

प्रश्न असा की बाग उघडते दहाला. लंडनमध्ये दहा वाजेपर्यंत गवतावरचं सगळं पाणी होऊन गेलेलं असतं. मग तिथं जाऊन हाती काही लागेल का? शिवाय माझे फ्रॉस्टचे फोटो एकतर करडे येतात नाहीतर नको इतके निळे. कॅमेरा निकॉन झेड ५०, सोबतची १६-५० लेन्स आणि एक जुनी १०५ ची मॅक्रो (अगदी जवळून टिपायची लेन्स). ट्रायपॉड आहे, पण तो बाळगायचा कंटाळा येतो. बागेत नेमकं कुठं आणि काय टिपावं, हेही सांगा. आधीच धन्यवाद.

रानवाट

शेवंती, दहाची काळजी सोडा. एडिंबरो लंडनपेक्षा बरंच उत्तरेला, जवळजवळ ५६ अक्षांशावर. जानेवारीच्या मध्याला तिथं सूर्य उगवतो साडेआठनंतर. दहा वाजता तो क्षितिजाच्या वर जेमतेम सात अंश असतो आणि भर दुपारीही तेरा अंशांच्या वर जात नाही. लंडनला त्याच दहा वाजता तो बारा अंशांवर पोचलेला असतो. आकडे किरकोळ वाटतील, पण सावल्यांचा हिशोब करून बघा. सात अंशांवरच्या सूर्यात आठ मीटर उंच झाडाची सावली साठ मीटरहून लांब पडते. त्या पट्ट्यात ऊन शिरतच नाही आणि तिथला फ्रॉस्ट दुपारपर्यंत टिकू शकतो. काही कोपरे तर दिवसभर पांढरे राहतात.

म्हणून बागेत गेल्यावर उन्हाच्या मागे धावू नका, सावलीची कड धरा. जिथं ऊन नुकतंच पोचतंय तिथं काही मिनिटंच काम असतं. पानाच्या कडेवरचे हिमकण आधी चमकतात, मग टोकाशी पाण्याचा थेंब धरतो, मग संपलं. कड सरकेल तसं आपणही सरकायचं.

दहाच्या आधी काय करायचं? बागेच्या पश्चिम दारासमोर, आर्बोरिटम प्लेस हा रस्ता ओलांडला की इन्व्हर्लिथ पार्क आहे. ते सार्वजनिक, त्याला फाटकाची वेळ नाही. तिथल्या तळ्यापाशी आठच्या सुमारास उभं राहा. एडिंबरोचा किल्ला तिथून आग्नेयेला दिसतो आणि त्या दिवसांत सूर्यही आग्नेयेलाच उगवतो. तांबडं फुटताना किल्ल्याची काळी रेघ, पुढं पांढरं गवत. तेवढं टिपून दहाला समोरच्या पश्चिम दारातून आत. बागेला प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे रांगेत वेळ जात नाही.

शेवंती

वा, पार्कचं डोक्यातच आलं नव्हतं! पण फ्रॉस्ट पडणार हे आदल्या रात्री कसं ओळखायचं? हवामानाचं ॲप शून्याच्या वरचा आकडा दाखवतं, मी झोपून राहते, आणि सकाळी खिडकीतून बघावं तर सगळं पांढरं.

रानवाट

ॲपमधलं तापमान हवेचं असतं, ब्रिटनमध्ये ते जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजतात. निरभ्र रात्री गवत स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड होतं. म्हणून हवा २ अंशांवर असतानाही जमिनीवर फ्रॉस्ट पडू शकतो. आकड्यापेक्षा दोन गोष्टी बघा : रात्रभर आकाश मोकळं आहे का आणि वारा पडलेला आहे का. ढग आले की पांघरूण घातल्यासारखं होतं, वारा सुटला की वरची उबदार हवा खाली मिसळते. दोन्ही नसतील तर गजर लावा. थंड हवा जड असते, उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. तेव्हा बागेतही उंचवट्यांपेक्षा खोलगट जागा आधी धुंडाळा.

खारूताई

रानवाट यांना अनुमोदन. मी त्या बागेच्या जवळच राहते, त्यामुळे 'काय टिपावं' याचं उत्तर मी देते.

पहिला मान बीच या झाडाच्या कुंपणाचा. मोठ्या वाफ्याच्या पाठीशी १६५ मीटर लांबीची, शंभरी ओलांडलेली बीचची भिंत आहे, जवळपास आठ मीटर उंच. बीचची वाळकी पानं कुंपणावर हिवाळाभर तशीच राहतात, तांबूस-तपकिरी. त्या प्रत्येक पानाच्या कडेला आणि शिरांवर पांढऱ्या सुया उभ्या राहतात. लांबून बघाल तर नुसती तपकिरी भिंत. मॅक्रो लावून एका पानापाशी जा, मग कळेल. शिरा पानाच्या कडेपर्यंत जिथं पोचतात तिथं सुया जास्त लांब असतात आणि मधल्या भागात नुसती पिठी.

दुसरं ऱ्होडोडेंड्रॉन. त्यासाठी ही बाग जगभर ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज फॉरेस्ट युन्नानमध्ये भटकला आणि तिथून बियाणं नि नमुने पाठवत राहिला, त्यातलं बरंच इथं आलं. फुलं वसंतातली, पण थंडीतली पानं बघण्यासारखी असतात. पारा चांगलाच उतरला की काही जातींची पानं विडीसारखी गुंडाळी करून खाली लोंबतात. ऊब आली की पुन्हा उघडतात. सकाळी एका झाडाचा फोटो काढा आणि दुपारी त्याच जागेवरून दुसरा. ही जोडी कुठल्याही पांढऱ्या लॉनपेक्षा सरस.

विच हेझल हे झुडूप जानेवारीत फुलतं. रिबिनीसारख्या पिवळ्या-केशरी पाकळ्या थंडीत आकसून मुठी वळतात. भूर्जाची पांढरी सालही बघा, आपल्या हिमालयातलं झाड, फ्रॉस्टच्या सकाळी खोड आणि गवत एकाच रंगाचे होतात.

बागेतल्या इन्व्हर्लिथ हाउस या जुन्या घरासमोरच्या हिरवळीवरून शहराचं चित्र दिसतं, तिथं सगळेच फोटो काढतात, तुम्हीही काढालच. काचघरांचं दुरुस्तीचं मोठं काम काढलेलं आहे, त्यामुळे त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

आणि कळकळीची विनंती : फ्रॉस्ट असताना गवतावर पाय ठेवू नका. गोठलेली पाती पायाखाली मोडतात आणि नंतर तिथं पावलांचे काळपट-तपकिरी ठसे उमटतात, ते कित्येक दिवस जात नाहीत. माळ्यांचा जीव वरखाली होतो. आणि फोटोच्या दृष्टीनेही, एकदा कुणी पांढऱ्या हिरवळीवरून चालत गेलं की ती फ्रेम त्या दिवसापुरती संपली.

निळाई

रंगाबद्दल. करडे येतात कारण कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्यालाही मध्यम करडा समजतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) पाऊण ते एक स्टॉप वर घ्या, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. निळे येतात कारण सावलीतल्या जागेवर उजेड येतो तो निळ्या आकाशाचा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर सोडला की प्रत्येक फ्रेमला वेगळा रंग. डेलाइटवर ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, घरी बसून थोडा निळा कमी करा. सगळा काढू नका! थंडी फोटोत दिसते ती त्या निळ्यामुळेच.

पोलरायझर घरीच ठेवा. तो चकाकी खातो आणि इथं चकाकीच हवी आहे.

सदाशिव_पेठकर

निळाई, सरसकट एक स्टॉप वर घ्यायला सांगणं धोक्याचं. सूर्य समोर असेल आणि हिमकण मागून उजळलेले असतील तर ते आधीच जळायच्या, म्हणजे नुसते पांढरे डाग व्हायच्या, बेतात असतात. तिथं शून्यावर किंवा थोडं खाली. सावलीत वर, उलट उजेडात खाली. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबू नका, माझ्याही.

ट्रायपॉडचं म्हणाल तर मॅक्रो न्यायची असेल तर ट्रायपॉड हवाच. जवळच्या अंतरावर एफ ८ ला (लेन्सचं छिद्र बरंच लहान करून) सुद्धा फोकसची खोली काही मिलिमीटरच मिळते, हात जरा हलला की सुई गेली. आणि थंडीत हात हलतातच.

निळाई

उलट उजेडाचा मुद्दा मान्य. ट्रायपॉडचा नाही. सकाळच्या गडबडीत तीन पाय पसरेपर्यंत ऊन येऊन गेलेलं असतं, शिवाय बागेच्या वाटांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडथळा. तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी न्या, दगडावर किंवा वाफ्याच्या कठड्यावर ठेवा, त्यावर कॅमेरा टेकवा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० पर्यंत बिनधास्त.

सदाशिव_पेठकर

तांदळाची पिशवी खाली टेकवून पानाच्या उंचीवर कॅमेरा कसा नेणार, ते जरा सांगा. बीचचं कुंपण आठ मीटर आहे म्हणतात.

चहाबाज

तुमचं चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तोवर शेवंतीताईंसाठी :

थंडीत बॅटरी भसाभस उतरते. जोडीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. संपली असं वाटलेली बॅटरी खिशात गरम केली की आणखी थोडे फोटो देऊन जाते.

मॅक्रो करताना श्वास दुसरीकडे सोडा. जवळ वाकून उच्छ्वास टाकलात तर आपल्याच वाफेनं हिमकण वितळतात, व्ह्यूफाइंडरही धुकटतो. सगळ्यात महत्त्वाचं, कॉफी प्यायला कॅफेत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच्या गार हवेतच झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत गेल्यावर तासभर उघडू नका. नाहीतर गार काचेवर आतली वाफ जमते, कधी लेन्सच्या आतसुद्धा. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, फोटो बघायचा मोह आवरत नाही.

माळरान

धागा वाखूसा (वाचनखूण साठवली). आम्ही साताऱ्याकडचे, एडिंबरो काही जमणार नाही. भारतात असं काही जवळपास?

रानवाट

माळरान, तुमच्या तर दाराशी आहे की! महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा लेकच्या परिसरात दव गोठतं, बोटींच्या जेट्टीवर आणि आसपासच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर. दरवर्षी पेपरात फोटो येतो तोच. पण भरवसा नाही आणि सूर्य वर आला की आटोपलं.

बागच हवी असेल तर उटीचं सरकारी बोटॅनिकल गार्डन. १८४८ मध्ये मॅकआयव्हर नावाच्या माळ्यानं आखणीला घेतलेलं, दोडाबेट्टाच्या उतारावर. उटी २२४० मीटर उंचीवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिथल्या हिरवळीवर फ्रॉस्ट धरतो. शहराबाहेर तलैकुंद्याच्या सखल भागात तर जास्तच. फक्त तिथं सूर्य तिरका रेंगाळत नाही, सरळ वर चढतो. एडिंबरोला जो वेळ दुपारपर्यंत पुरतो तो उटीला तासा-दीड तासात खलास. म्हणून उटीला उजाडायच्या आत तलैकुंदा आणि मग बाग, असा क्रम ठेवा.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं : आठला पार्क, दहाला पश्चिम दार, आधी बीच, मग ऱ्होडोडेंड्रॉन. ट्रायपॉड नेते, तांदळाची पिशवीपण नेते, म्हणजे भांडण मिटलं. एकच शंका, मैत्रीण म्हणते बाग कधी कधी अचानक बंद ठेवतात. खरं आहे का?

खारूताई

हो, वारा जोराचा असला की बंद ठेवतात, मोठी जुनी झाडं आहेत, फांद्या पडतात. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघायचं. हिवाळ्यात चारला दारंही लागतात, हे लक्षात असू द्या. पण तुम्हाला त्या बंदचा तोटा नाही. तसा वारा असेल त्या दिवशी फ्रॉस्ट पडलेलाच नसतो, खुशाल झोपा.