आयडर बदक आणि पिसोरी: वजन सारखं, अजून काय जुळतं?

रंगपेटी: मुलांसाठी प्राण्यांची चित्रं काढते. सध्या एकाच वजनाचे दोन प्राणी एका पानावर, अशी मालिका चालू आहे. उत्तरेकडच्या थंड समुद्रातलं आयडर बदक साधारण २ किलोचं. जावा बेटावरची पिसोरी, म्हणजे हरणासारखी दिसणारी, खुरवाल्यांतली सगळ्यात चिमुकली, तीही जेमतेम तेवढीच. पाय रेखाटताना दिसलं की दोघांच्याही प्रत्येक पायाला चार-चार बोटं! इतका आनंद झाला. बदकाची पुढची तीन पडद्याने जोडलेली, पिसोरीची मधली दोन भार पेलणारी. पण नुसता तराजू दाखवून पान संपवायला मन होत नाही. आणखी काही सुचतंय?

रानवाट: ताई, खाणं बघा. आयडर शिंपला अख्खा गिळतं. दात नाहीत, म्हणून कवच फोडायचं काम पोटातल्या पेषणीचं. पिसोरी पानं, पडलेली फळं खाते आणि निवांत बसून रवंथ करते. मात्र गाईसारखे चार नाहीत, तिच्या पोटाचे कप्पे तीनच. आणि कृपा करून शिंगं काढू नका! नराला असतात ते वरच्या ओठाखालून डोकावणारे सुळे.

लाटेवरचा: मी पाणी निवडेन. आयडर खाण्यासाठी बुडी मारतं, पिसोरी जीव वाचवण्यासाठी. बदकाच्या पिसांत हवा अडकलेली असते, पाणी त्याला सारखं वर ढकलतं. म्हणून ते अर्धवट उघडलेल्या पंखांनी खाली रेटा देत जातं. आफ्रिकेतली पाणपिसोरी पाठलाग झाला की नदीत शिरते आणि प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून चक्क तळावरून चालते.

रंगपेटी: अहो, हे तर सुरेखच! पण पाणपिसोरी १० किलोच्या आसपास असते ना? मग माझं वजनाचं गणित चुकतं.

लाटेवरचा: मग श्रीलंकेतली घ्या, ती वजनाने बदकाच्या बरीच जवळ आहे. मुंगूस मागे लागल्यावर तिथल्या एका पिसोरीने तळ्यात उडी घेऊन पुन्हा पुन्हा बुड्या मारल्याची नोंद आहे. ती गाभण होती.

रंगपेटी: गाभण! मग ठरलं. पान उभं घेते. वर पाण्याची रेघ, तिच्याखाली एका बाजूला पंख रेटणारं बदक, दुसऱ्या बाजूला ती. दोघांचीही बोटं नीट दिसायला हवीत, म्हणून पाणी फिकट ठेवते.