चिरेखाणीवरच्या मुलांना मे महिन्यात शिकवायचं आहे, सुरुवात कशी करू?

सड्यावरची

मी पुण्यात शिकते, घर गुहागर तालुक्यात. मे महिनाभर घरी आहे. आमच्या वाडीच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, चिरेखाण आहे; तिथे बांधकामाचे जांभ्या दगडाचे चिरे काढतात. विजापूरकडची आठ-दहा कुटुंबं तिथे पत्र्याच्या खोपटांत राहतात. त्यांतली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आमच्या विहिरीवर पाण्याला येते. संक्रांतीला मी तिला एक वही दिली. भावाने ओढली, तेव्हा तिने ती सोडवून घेतली आणि परकराच्या ओच्यात खोचली. तेव्हापासून हे डोक्यात आहे. आई म्हणते, महिन्याने तू निघून जाशील, मग त्या पोरांचं काय? मला उत्तर देता आलं नाही. कुणी असं काम केलंय का?

निवृत्त गुरुजी, दापोली

बाळ, आधी संध्याकाळी वर जा. आईबापांशी बोल, मुकादमालाही सांग. वर्ग मात्र खाणीवर नको. तिथे धूळ, मशीनचा आवाज आणि उघडे खड्डे. तुमच्या पडवीत घे, सकाळी आठ ते दहा. नंतर सडा तापतो, पोरांना अनवाणी परत जायचं असतं.

धाकटी भावंडं येणारच. पहिल्या वर्षी मी एका मुलीला म्हणालो, बाळाला घरी ठेवून ये. ती पुन्हा आली नाही. आईबाप कामावर, बाळाला ती ठेवणार कुणाकडे? एवढं मला सुचलं नाही, ते आजही सलतं. पुढच्या वर्षी कोपऱ्यात गोधडी अंथरली, करवंट्या आणि रिकामे डबे ठेवले. बाळं तिथे खेळत, मोठी शिकत.

खायला दे. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. सुट्टी लागली की ते ताट बंद. उकडलेले चणे, गूळ-शेंगदाणे पुरेत.

आईचा प्रश्न बरोबर आहे. पण पावसाआधी खाण बंद होते, तीही गावी जातात. म्हणून जाण्याआधी कुणाला काय वाचता येतं ते प्रत्येकाच्या वहीत लिहून दे आणि इथल्या शाळेच्या बाईंना नावं कळव. दिवाळीनंतर परत आली की थेट शाळेत बसवता येतील. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातच ते आहे.

बंदरावरची, रत्नागिरी

मी अशा वर्गात बसलेली मुलगी आहे. आई टोपली घेऊन मासे विकायला जायची. एका संस्थेचे लोक मे महिन्यात यायचे, छान शिकवायचे. शेवटच्या दिवशी कपडे वाटले आणि प्रत्येकाला फ्रॉक हातात धरून फोटोला उभं केलं. तो फ्रॉक मी कधी घातला नाही. ताई, फोटो काढू नकोस.

सड्यावरची

फोटो नाही, शब्द देते. काल आईला घेऊनच वर गेले. त्या मुलीच्या आईने एकच विचारलं, बाळ चालेल ना? माझी आईच आधी हो म्हणाली. उद्यापासून सुरू, चणे भिजत घातलेत. गुरुजी, निघताना त्यांना ‘उद्या या’ कानडीत कसं सांगू?

निवृत्त गुरुजी, दापोली

एकट्याला ‘नाळे बा’. सगळ्यांना ‘नाळे बर्री’. आणि आल्या आल्या विचार, ‘ऊटा आयता?’ म्हणजे, जेवलास का?