शून्य गुरुत्वात तबला वाजेल का? माझं मत: नाही

लेहरा_लावा
काल जेवताना पोराने मोबाईल पुढे धरला. २०२४ च्या सप्टेंबरमधे पोलारिस डॉन अंतराळ मोहिमेत सेरा गिलिसने व्हायोलिन वाजवलं होतं त्याचा व्हिडिओ. घरात सगळे वा वा करतायत आणि मी आपला विचार करतोय की याला वाजवणं म्हणायचं का. पंचवीस वर्षं तबला शिकवतोय, पोरांना पहिल्या दिवसापासून सांगतो, हात उचला आणि सोडा, मारू नका, हाताचं वजन पडू दे. आता जिथे वजनच नाही तिथे पडणार काय? वर प्रत्येक थापेला वाजवणारा मागे आणि तबला पुढे. एकदा एका कार्यक्रमाला आम्ही तबल्याखाली ठेवायच्या चुंबळी घरीच विसरलो, टॉवेल गुंडाळून खाली ठेवले, तर मध्य लयीतच डग्गा (डाव्या हाताचा मोठा) सतरंजीवर फिरायला लागला आणि मी अर्धा तास त्याला गुडघ्याने अडवत वाजवलं. तिथे तर सगळा संसारच तरंगता. गिटार, बासरी ठीक, पण आपली वाद्यं नाही चालायची. बोला.

कक्षेतली_ताई
काका, मान राखून सांगते, दोन्ही मुद्दे पटले नाहीत. स्पेस स्टेशन साधारण ४०० किमी वर आहे, तिथे गुरुत्व इथल्या जवळपास ९० टक्के असतंच, फक्त स्टेशन, माणूस, वाद्य सगळंच एकत्र पडत असतं म्हणून वजन जाणवत नाही. आता हाताचं बघा. हात १० सेंमी वरून नुसता सोडला तर खाली यायला साधारण ०.१४ सेकंद लागतात. द्रुत म्हणजे जलद तिरकिटमधे सेकंदाला दहा बोल धरले तर एका बोलाला मिळतो ०.१ सेकंद. म्हणजे तुमचा द्रुत गुरुत्वाच्या भरवशावर कधीच नव्हता, तो स्नायूंवरच चाललाय. आणि तबला-डग्गा मांडीला पट्ट्याने बांधला की तुम्ही आणि तो मिळून एकच वस्तू, आतल्या आत कितीही थापा मारल्या तरी दोघं मिळून जाणार कुठे? थोडं हलाल इतकंच, त्यासाठी पाय दांडीत अडकवायचे, तिथले सगळे तेच करतात.

लेहरा_लावा
ताई, द्रुताचं एक वेळ मान्य. विलंबिताचं, म्हणजे संथ लयीचं काय? तिथे दोन बोलांमधे हात खरंच विसावतो. आणि डग्ग्यावर घे हा घुमणारा बोल काढताना मनगट टेकवून पुढे सरकवतो ना, तो दाब खांद्यापासूनच्या वजनाने येतो. जोर लावून दाबलं की आवाज बसका येतो, कुठल्याही तबलजीला विचारा.

नळावरचं_भांडण
हे सगळं पीआर आहे हो. १६ डिसेंबर १९६५ ला जेमिनी ६ यानातून अंतराळवीर शिराने माउथ ऑर्गन आणि स्टॅफर्डने घुंगरं वाजवून जिंगल बेल्स ऐकवलं, तेव्हापासून हेच चाललंय, नाताळ आला की वाजवा. इतका पैसा ओतून वर गेले आणि काय केलं तर बाजा वाजवला!

पेटीवाला_काका
भांडण, तुम्ही सहा महिने एका डब्यात राहून दाखवा, मग पीआर म्हणा. अंतराळवीर कॅडी कोलमन बासऱ्या घेऊन गेली होती, काचेच्या खिडक्यांच्या कुपोलात बसून वाजवायची. डॉन पेटिटला तर वाद्यही लागलं नाही, त्याने व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीतून डिजेरिडू, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं फुंकून वाजवायचं लांब वाद्य, काढला. आणि रॉन मॅकनेअर, १९८४ ला सॅक्सोफोन घेऊन जाऊन आलेला माणूस, १९८६ ला चॅलेंजर यानातून पुन्हा वाजवायचा बेत होता, पण उडतानाच ते फुटलं आणि तो चॅलेंजरबरोबरच गेला. अशा माणसाला हौशी म्हणा, जाहिरातवाला नका म्हणू.
बाकी आमची पेटी विनातक्रार चालेल. आतल्या भात्याला स्प्रिंग, पट्ट्यांना स्प्रिंग, सूर पितळेची जीभ थरथरते म्हणून येतो. फसेल ती संगीत नाटकवाल्यांची पायपेटी. पायाने भाता दाबला की वादक खुर्चीतून वर, नांदी संपेपर्यंत छताला.

कक्षेतली_ताई
😂 काका, ग्रँड पियानोही फसेल, त्याचे हातोडे तारेवर आपटून स्वतःच्या वजनाने खाली येतात, तिथे येणारच नाहीत. आणि जलतरंग तर विसराच, पाणी वाटीत बसायलाच तयार नाही, कडेने चढून काडीला चिकटेल.

लेहरा_लावा
बघा! जलतरंग गेला. मी म्हणत होतो.

वीणेकरी
राम कृष्ण हरी. लेहरावाले माउली, जलतरंगाच्या आडून सुटू नका. आमच्या दिंडीत पखवाज आडवा असतो, गळ्यात अडकवलेला, डावा हात डावीकडून आणि उजवा उजवीकडून, दोन्ही थापा आडव्या पडतात. त्यात गुरुत्वाकर्षणाने कोणती मदत केली सांगा. ढोलकीचंही तेच. मग पखवाजाच्या थापेला वजन नसतं म्हणता का? उन्हात चालत चालत वाजवणाऱ्याचा धा पुढच्या दिंडीला ऐकू जातो.

लेहरा_लावा
... हे मात्र अडचणीचं आहे. पण माउली, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते. ती वाळली की तिचे कण उडणार, तिथे पावाचा चुरासुद्धा नको म्हणून पोळ्या नेतात म्हणे.

पेटीवाला_काका
म्हणजे आता तुमचा आक्षेप कणकेवर येऊन थांबला का 😄

कक्षेतली_ताई
लेहरा काकांचा एक मुद्दा मात्र उचलते. अंतराळवीर हॅडफिल्ड, ज्याने २०१३ ला स्टेशनवर डेव्हिड बोवीचं गाणं गायलं, तो सांगतो की गिटारवर डावा हात सरकवताना सुरुवातीला तो पडद्याच्या पुढेच निघून जायचा, कारण हाताला वजन नाही. म्हणजे बदल होतो, हात नव्याने शिकवावा लागतो. व्हायोलिनच्या गजाचंही तेच, इथे गजाचं वजन तारेवर आपोआप पडतं, तिथे बोटाने द्यावं लागणार. काका, एक करून बघा ना. डग्गा भिंतीला टेकवून पट्ट्याने बांधा, तोंड तुमच्याकडे, आणि आडवे हात मारून वाजवा. वजनाची मदत गेली. पूर्ण शून्य नाही पण अंदाज येईल.

नळावरचं_भांडण
हे करताना घरच्यांचा व्हिडिओ टाका, तो बघायला मी पैसे देईन.

लेहरा_लावा
केलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण खांदा दुखत होता. दोन्ही नगं कपाटाच्या हँडलला ओढणीने बांधली (बायकोची, त्यावर वेगळी चर्चा झाली). तिरकिट चाललं, अगदी खोटं बोलत नाही, पंधरा मिनिटांनी रेला (जलद बोलांची सलग रचना) पण चालला. विलंबित एकतालाला मात्र हात कुठे ठेवायचा तेच कळेना, धिंनंतर तो हवेतच लटकतोय. आणि घे बसकाच आला, म्हटल्याप्रमाणे.

वीणेकरी
घे बसका आला तो हात दुखत होता म्हणून. इथे आडवा हात तुम्ही पेलून धरला होता, वर गेलात तर पेलायला काही नाही. आणि पखवाज शिकणाऱ्या पोराचाही पहिले सहा महिने बसकाच येतो.

लेहरा_लावा
सहा महिने ओढणी मिळणार नाही.