व्हालहाइम: वाड्याच्या ओसरीत मुंडकी कशी लावावीत, आणि रेथचे मुंडके मिळवावे तरी कसे?

पेठेतला वायकिंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

व्हालहाइम हा वायकिंगांचा संगणकावरचा खेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला तेव्हापासून तो माझ्या यादीत होता, परंतु प्रत्यक्ष खेळायला मुहूर्त लागला तो यंदाच्या जूनमध्ये. आम्ही तिघे, म्हणजे एक कोथरूडचा, एक हडपसरचा आणि मी, शनिवारी रात्री जेवणे आटोपली की सर्व्हरवर जमतो. खेळातल्या ब्लॅक फॉरेस्ट या जंगलाच्या कडेला, पाण्याच्या काठी आम्ही लाकडी वाडा बांधला आहे आणि तो जमेल तितका पुणेरी ठेवला आहे: दर्शनी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती ओसरी आणि मागे माजघर.

अडचण ओसरीची आहे. तिच्या तीन भिंतींवर आम्ही मारलेल्या प्राण्यांची मुंडकी लावली आहेत. मुंडके लावायच्या प्रत्येक स्टँडला चार फाइन वूड आणि ब्राँझचा एक खिळा लागतो, त्यामुळे साहित्याची चणचण कधीच भासली नाही आणि हात सैल सुटला. आज तिथे २६ मुंडकी आहेत, त्यांतली सहा तर निव्वळ हरणांची. परवा आईने मागून पडद्याकडे पाहिले, "ही ओसरी आहे की खाटकाचे दुकान?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती स्वयंपाकघरात निघून गेली. मला राग आला नाही, कारण प्रश्न रास्त होता. इतकी मेहनत करूनही ती भिंत पाहताना काहीच वाटत नाही. नजर कुठे ठरत नाही.

दुसरी अडचण रेथची, म्हणजे तरंगत येणाऱ्या भुतांची. आतापर्यंत आम्ही स्वॉम्पमध्ये (दलदलीत) २७ रेथ मारले आहेत (हडपसरकर वहीत रेघा ओढतो, म्हणून आकडा पक्का आहे) आणि एकाचेही मुंडके पडलेले नाही. साखळ्या मात्र ढीगभर जमल्या. आमचे जगच पनवती आहे, ते टाकून नवे सुरू करावे, असे कोथरूडकराचे ठाम मत झाले आहे. यात काही तथ्य आहे का?

शेवटचे विचारायचे ते बॉसच्या, म्हणजे एकेका प्रदेशातल्या सर्वांत बलाढ्य शत्रूच्या, मुंडक्यांबद्दल. एक्थिर आणि एल्डर या दोन बॉसची मुंडकी आम्ही खेळ जिथे सुरू होतो तिथल्या दगडांवर टांगली, आणि आता तीच घरातही हवीशी वाटतात.

शक्यतांचा हिशेब (उत्तर)

आपल्या मित्राला जग टाकू देऊ नका. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि हाच गैरसमज दरवर्षी वर्गात नव्याने भेटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रेथचे मुंडके पडण्याची शक्यता पाच टक्के आहे. म्हणजे एका रेथकडून ते न मिळण्याची शक्यता ०.९५, आणि सलग २७ वेळा न मिळण्याची शक्यता ०.९५ चा २७ वा घात, जो जवळजवळ बरोबर ०.२५ येतो. २७ रेथ मारणाऱ्या दर चार गटांपैकी एका गटाच्या हाती काहीच लागत नाही, आणि या वेळी तो गट तुमचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुंडके मिळण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची तर १४ रेथ पुरतात, परंतु नव्वद टक्के खात्री हवी असेल तर पहिल्यापासून मोजून ४५ मारण्याची तयारी ठेवावी लागते. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे, की २७ वेळा हुकले म्हणून अठ्ठाविसाव्या वेळी ते "पडायलाच हवे" असे काही नसते. अठ्ठाविसाव्या रेथला आधीचे सत्तावीस ठाऊक नसतात.

सगळ्यांचे प्रमाण सारखे नाही, आणि मला वाटते तुमच्या भिंतीचा खरा घोटाळा तिथेच आहे. हरिण आणि ट्रोल (अवाढव्य राक्षस) यांचे मुंडके दर दोनांत एकदा मिळते, समुद्री सर्पाचे साधारण तिनांत एकदा, रानडुकराचे १५ टक्के वेळा. सांगाडे, ड्रॉगर (उठून चालणारी प्रेते), लांडगे, ड्रेक (उडते ड्रॅगन) आणि लॉक्स (अवाढव्य केसाळ जनावरे) दहा टक्क्यांवर आहेत. नेक (पाण्याकाठचे सरड्यासारखे प्राणी), ग्रेड्वार्फ (जंगलातले बुटके), सर्टलिंग (आगीचे जीव), रेथ, स्टोन गोलेम (दगडी राक्षस) आणि डेथस्किटो (मोठे डास) पाच टक्क्यांवर. जे सहज मिळते तेच भिंतीवर गर्दी करते, म्हणून हरणे सहा झाली. आणखी एक समज सर्वत्र आढळतो, की नावाजवळ तारा दिसणारा, म्हणजे अधिक बलवान, प्राणी मारला म्हणजे मुंडकीही जास्त मिळतात. तसे नाही. ताऱ्यांमुळे कातडे आणि मांस दुप्पट-चौपट होते, मुंडके मात्र मिळालेच तर एकच मिळते.

सर्टलिंगसाठी एक सोय आहे, ती सांगून थांबतो. स्वॉम्पमधल्या ज्या भोकातून आग उसळते, त्याच्याभोवती कुदळीने चर खणावा. तिथली जमीन पाण्याच्या पातळीला इतकी लागून असते की चर आपोआप भरतो. सर्टलिंग बाहेर पडतात, पाण्यात शिरतात आणि मरतात, आणि आपण जवळपास थांबून पडलेला माल वेचायचा. रेथला अशी युक्ती नाही. ते मुख्यतः रात्री हिंडतात, तेव्हा अंथरुणाचा मोह टाळून स्वॉम्पमध्ये जागरण करण्यावाचून गत्यंतर नाही. खेळातला दिवस-रात्रीचा पूर्ण फेरा ३० मिनिटांचा असल्यामुळे एका शनिवारी पुष्कळ रात्री पदरात पडतात, एवढाच काय तो दिलासा.

तुळई आणि खुंटी (उत्तर)

वरील हिशेबाशी पूर्ण सहमत. मी मांडणीबद्दल लिहितो, कारण ही चूक मी स्वतः दोन जगांत केली आहे.

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण शाळेच्या सहलीत गेला असाल. आता पुन्हा जा आणि या वेळी वस्तूंऐवजी भिंतींकडे पाहा. त्या संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत सुमारे २,५००. बाकीच्या ठेवणीत आहेत, आणि म्हणूनच दिव्यांसमोर किंवा अडकित्त्यांसमोर माणूस थांबतो. आपल्या ओसरीला नेमकी ही ठेवण नाही. माजघरात एक पेटी ठेवा, जादा मुंडकी तिच्यात टाका आणि प्रत्येक प्राण्याचे एकच मुंडके भिंतीवर राहू द्या. संग्रह पूर्ण दिसण्यासाठी भिंत भरण्याची गरजच नाही, कारण पहिल्यांदा उचललेल्या प्रत्येक मुंडक्याची नोंद सामानाच्या खिडकीतल्या ट्रॉफींच्या पानावर कायम राहते. तिघांच्याही नावावर नोंद व्हावी असे वाटत असेल तर ते मुंडके जमिनीवर टाकून प्रत्येकाने एकदा उचलायचे, इतके ते सोपे आहे.

क्रम लावायचा तो चालण्याचा. दरवाजातून आत येणाऱ्याला डाव्या हाताला प्रथम मेडोज (सुरुवातीची कुरणे) दिसावे, मग ब्लॅक फॉरेस्ट, समोरच्या भिंतीवर स्वॉम्प, आणि उजव्या हाताने परत येताना डोंगर आणि प्लेन्स (मैदाने). ज्या क्रमाने आपण या जगात आत शिरत गेलात त्याच क्रमाने पाहुणा ओसरी फिरेल. प्रत्येक मुंडक्याखाली एक लाकडी पाटी लावा; तिला दोन लाकडे आणि एक कोळसा लागतो. तिच्यावर प्राण्याचे नाव लिहू नका, ते दिसतेच आहे. सकाळी उठल्यावर खेळ दिवसाचा आकडा दाखवतो, तो लिहा, आणि कोण मेले ते लिहा. माझ्याकडच्या ट्रोलखालच्या पाटीवर "दिवस ४१, होडी गेली" एवढेच शब्द आहेत, आणि ती पाटी नसती तर तो ट्रोल कुठलाही ट्रोल झाला असता.

अंतराबाबत मी काटेकोर आहे. साधी लाकडी भिंत दोन मीटर बाय दोन मीटरची असते. ट्रोल, सर्प, लॉक्स यांना तेवढी पूर्ण चौकट द्यावी. बाकीच्यांना एक मीटर पुरतो. स्टँड नेमका एका रेषेत बसत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. त्यासाठी भिंतीवर हव्या त्या उंचीला एक मीटरच्या तुळया तात्पुरत्या ओळीने लावाव्यात, त्यांच्या सांध्यांवर नजर ठेवून स्टँड ठोकावेत, आणि मग हातोड्याने तुळया काढून घ्याव्यात. साहित्य पूर्ण परत मिळते. जिथे स्टँड आपल्या मनाविरुद्ध भलत्याच कोपऱ्याला चिकटू पाहतो, तिथे शिफ्टची कळ दाबून ठेवली की तो मोकळा होतो.

उजेडाचा विचार बहुतेक लोक करत नाहीत. स्वॉम्पच्या भिंतीपुढे लोखंड आणि गक (दलदलीतला हिरवा चिकट पदार्थ) यांची हिरवी मशाल ठेवून पाहा. त्या उजेडात ड्रॉगरचा चेहरा पाहिल्यावर आपल्या मातोश्री काय म्हणतील याची जबाबदारी माझी नाही.

आणि रेथचा स्टँड आजच ठोकून ठेवा. रिकामा. पाटीही लावा आणि तिच्यावर "२७" लिहा. मुंडके मिळेपर्यंत दर शनिवारी आकडा बदलत जा. माझ्या ओसरीत पाहुणे सर्वांत जास्त वेळ जिथे रेंगाळले, ती जागा स्टोन गोलेमच्या रिकाम्या स्टँडची होती.

आधी शिरस्त्राण (उत्तर)

मांडणीची चर्चा उत्तम आहे, परंतु कोणीतरी व्यवहाराचेही बोलायला हवे. मुंडकी ही सामग्री आहे. ड्रेकच्या शिरस्त्राणाला ड्रेकची दोन मुंडकी लागतात, लांडग्याच्या कातड्याच्या केपला (पाठीवरच्या झग्याला) लांडग्याचे एक, लोखंडी स्लेजला (घणाला) ड्रॉगर एलिटचे एक, आणि स्टॅगब्रेकर या घणाला हरणांची पाच. आमच्या गटात एकाने मिळालेली दोन्ही ड्रेकची मुंडकी हौसेने दिवाणखान्यात लावली आणि दुसरा तीन आठवडे उघड्या डोक्याने डोंगरात हिंडला. त्यावरून झालेले भांडण अजून पूर्ण मिटलेले नाही. स्टँडवरून मुंडके केव्हाही काढता येते हे खरे, पण भिंतीवरून काढायला कोणाचाच हात धजत नाही. आपल्या सहा हरणांपैकी पाच खाली उतरवा आणि स्टॅगब्रेकर करा. ओसरीही मोकळी होईल.

बॉसच्या मुंडक्यांचे उत्तर राहून गेले आहे असे दिसते. दगडावर टांगलेले मुंडके तिथेच राहू द्यावे आणि घरासाठी तो बॉस पुन्हा मारावा. एक्थिरला बोलवायला हरणाची दोन मुंडकी पुरतात, एल्डरला तीन एन्शंट सीड्स, बोनमासला दहा विदर्ड बोन्स. खरी दमछाक मोडर या बॉसला बोलवताना होते, कारण तिच्यासाठी लागणाऱ्या ड्रॅगनच्या तीन अंड्यांपैकी प्रत्येकाचे वजन २०० भरते आणि ती पोर्टलमधून (क्षणात दूर नेणाऱ्या दारातून) नेता येत नाहीत. मुंडकी मात्र पोर्टलमधून खुशाल जातात.

पेठेतला वायकिंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तिघांनी बसून ओसरी पूर्ण उतरवली. हरणांच्या मुंडक्यांवरून थोडी ओढाताण झाली, कारण पाच दिली तर स्टॅगब्रेकर होतो आणि दोन दिली तर एक्थिर येतो, आणि सहांत दोन्ही बसत नाही. शेवटी एक्थिर ठरला. तो आता दरवाजाच्या बरोबर समोर, एकटा आहे. २६ ची १५ झाली. डावीकडून चालत गेले की जूनपासूनचा सगळा प्रवास खरोखरच ओळीने दिसतो, आणि आमच्या लक्षात आले की नेकचे मुंडके आमच्याकडे नाहीच. पहिल्याच दिवसापासून दिसणारा प्राणी, पण तो पाच टक्क्यांत मोडतो हे कोणालाच माहीत नव्हते.

रेथचा रिकामा स्टँड ठोकला आहे. काल चार मारले, त्यामुळे पाटीवर ३१ आहे. कोथरूडकराने नव्या जगाचा हट्ट सोडला आहे, मात्र ०.९५ चा ३१ वा घात काढून तो मला पहाटे दोन वाजता पाठवला.

आता एकच विचारायचे राहिले. ट्रोलला दोन मीटरची पूर्ण चौकट दिली तरी त्याचे नाक ओसरीच्या पुढच्या तुळईत घुसते आणि चौकातून पाहिले की नुसते नाकच दिसते.

तुळई आणि खुंटी

ट्रोलला ओसरीत लावू नका. ओसरीची खोली आपण दोन मीटर धरली असणार, आणि तेवढ्यात तो मावत नाही. चौकाच्या मागच्या भिंतीवर, माजघराच्या दाराच्या वर त्याला जागा द्या, म्हणजे समोर मोकळी हवा मिळेल. मात्र वाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर अजिबात नको. "जमीन हादरते आहे" असा संदेश येऊन ट्रोलांची धाड पडली की बाहेरची भिंत आधी जाते. स्टँड तुटल्यावर मुंडके नष्ट होत नाही, खाली पडते, परंतु अंधारात चिखलातून ते शोधत बसणे मी दोनदा केले आहे. दारावरची तुळई एक मीटर वर घ्या, मग ठोका.