घरकामाचं वेळापत्रक तुमच्या घरी टिकलं का? अनुभव सांगा

गेल्या मार्गशीर्षात जिन्यावरून पडून माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घरात नवरा, सासूबाई, सोळा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी. सगळे मनापासून म्हणाले, "तू नुसतं सांग, आम्ही करतो." मग मी सकाळपासून रात्रीपर्यंत सांगत राहिले. केर काढा, ओटा पुसा, ओल्या कचऱ्याची बादली खाली न्या, फडकी उकळायला टाका, चहाची गाळणी घासा. हात गळ्यात अडकवलेला, पण डोक्याला क्षणाची उसंत नव्हती.

चौथ्या दिवशी मुलीला वही घेऊन शेजारी बसवलं आणि आठवतील तेवढी कामं तिला लिहायला लावली. बहात्तर निघाली. नवऱ्याने यादी दोनदा वाचली. पंख्याची पाती, फ्रिजच्या दाराचं रबर, मोरीच्या जाळीतले केस, देवघरातली समई यांच्यापुढे पेन्सिलीने खुणा केल्या आणि विचारलं, "हे सगळं तू कधी करतेस?" एकोणीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदा आला.

आमचं पहिलं वेळापत्रक अकरा दिवसांत बंद पडलं. दिसायला सुंदर होतं, प्रत्येकाचा रंग वेगळा, रोजची कामं वेगळी. पण आज कोणाचं काय ते रोज सकाळी बघून कोणीतरी सांगावं लागायचं, आणि ती कोणीतरी परत मीच. दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं, एक काम तीन महिने एकाचंच. मुलाकडे बाथरूम, म्हणजे घासायचं त्याने, क्लीनर संपत आला की सामानाच्या यादीत लिहायचंही त्यानेच. ब्रश झिजला तरी मला विचारायचं नाही. सासूबाईंनी बसून होणारी कामं मागून घेतली: कपड्यांच्या घड्या, पितळेची भांडी, भाजी निवडणं. आठ महिने झाले, चालू आहे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८ मिनिटं निघाली. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, वाटणी मात्र तिथेच राहिली. म्हणून विचारते आहे. तुमच्या घरी काय केलंत, काय फसलं, काय टिकलं? पुरुषांनी आणि मुलांनीही लिहा.

*

मराठवाड्यातून, शाळेत शिक्षक

आमच्याकडे वेळापत्रक नळ ठरवतो. आठवड्याने पाणी येतं, कधी आणखी एखादा दिवस लांबतो. त्यामुळे 'सोमवारी हे, मंगळवारी ते' आम्हाला जमत नाही. आम्ही दिवस नळापासून मोजतो. नळाच्या दिवशी धुणं आणि चादरी. दुसऱ्या दिवशी फरशी. मधले दिवस नुसता केर आणि ओल्या फडक्याने पुसणं. नळाच्या आदल्या रात्री ड्रमच्या तळाशी उरलेल्या पाण्यात संडास, बाथरूम, मागचं अंगण.

त्याच रात्री २०० लिटरचे तिन्ही ड्रम मी आतून घासतो. हे काम माझं एकट्याचं आहे, आणि त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी बायकोला डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरल्या, पाच दिवस दवाखान्यात होती. तोपर्यंत आम्ही ड्रम नुसता उपडा करत होतो. तिथल्या आरोग्यसेविकेने समजावून सांगितलं, की हा डास पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर, ड्रमच्या कडेला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. उपडं करून अंडी जात नाहीत, घासूनच जातात. आता मी काथ्या घेऊन खांद्यापर्यंत हात आत घालतो आणि कडेवरून दोनदा फिरवतो. कूलरची टाकी आणि फ्रिजच्या मागची पाण्याची ताटली मुलगी बघते. बाहेरगावी लग्नाला गेलो तरी ही रात्र चुकवत नाही, लवकर परततो.

*

अकरावीत शिकणारी मुलगी, ठाणे

आमच्या घरी वाटणी आहे आणि आई-बाबांना ती समान वाटते. भावाकडे बाहेरची कामं, माझ्याकडे घरातली. मी एक महिना वहीत मोजलं. भावाची कामं: गॅसचा नंबर लावणं एकदा, दळण दोनदा, इस्त्रीचे कपडे चार वेळा. माझी: रोज रात्रीचं खरकटं काढणं, रोज ओटा, रोज अंथरुणं. सात आणि नव्वद. आईला वही दाखवली तेव्हा ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने भावाला ओट्यापाशी बोलावलं. कामाची यादी करताना ते किती वेळा करावं लागतं तेही शेजारी लिहा, एवढंच मला सांगायचं आहे.

*

कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव, एकत्र कुटुंब

आमच्यात वेळापत्रक म्हणत नाहीत, वार म्हणतात. एक आठवडा चुलीचा वार थोरल्या जाऊबाईंचा आणि गोठा-झाडलोट माझी, पुढच्या आठवड्यात उलट. बायकांच्यात ही वाटणी आजेसासूपासून चालत आली आहे. पुरुषांचा त्यात वार नव्हताच.

बदल झाला तो घटाच्या धुण्यामुळे. नवरात्राआधी घरातलं एकूणएक अंथरूण-पांघरूण ओढ्यावर न्यायचं असतं. आमच्याकडे चौदा वाकळा. सात थरांची वाकळ भिजली की एकटीला उचलत नाही, आणि पिळायला तर समोर दुसरं माणूस लागतंच. त्या वर्षी जाऊबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. मी आत्यांना म्हटलं, "यंदा मला कोणीतरी द्या." आत्या म्हणाल्या, "माझी पोरं ओढ्यावर धुणं धुणार? भावकी काय म्हणंल?" त्यावर मामंजी उठले, दोन वाकळा खांद्यावर टाकल्या आणि चालायला लागले. सत्तरीचा माणूस पुढे चाललेला बघून माझे मालक आणि भाऊजी मागोमाग आले. दुपारपर्यंत चौदाही वाकळा वाळत होत्या. भावकी काही म्हणाली नाही, उलट पुढच्या वर्षी शेजारच्या घरातले दोघे आले.

तेव्हापासून आठवड्याच्या वारांत भाऊजींचा रविवार आला. जळमटं, माळा आणि परड्यातला केर त्यांचा. भांड्यांपर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही. मी मागे लागणार आहे.

*

रसायनशास्त्र शिकवते, नागपूर

वर बाथरूम मुलाकडे दिल्याचं वाचलं, म्हणून लगेच लिहिते. मुलांकडे हे काम द्या, पण आधी एक गोष्ट शिकवा. संडास साफ करायच्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. 'जास्त स्वच्छ होईल' म्हणून दोन बाटल्या एकदम ओतायचा मोह मुलांनाच नाही, मोठ्यांनाही होतो. आमच्या घरी आम्लाची बाटली संडासात आणि ब्लीच धुण्याच्या जागी, अशी जागाच वेगळी केली आहे. खिडकी उघडी, पायात चप्पल, आणि भांड्यात एक ओतलं की भरपूर पाणी सोडल्याशिवाय दुसरं नाही.

*

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे श्वाबेन भागात एक जुनी पद्धत आहे, 'केरवोखे', म्हणजे झाडलोटीचा आठवडा. ऐकताना आपला केरच कानावर येतो. इमारतीतल्या घरांनी आळीपाळीने जिना झाडायचा आणि पुसायचा, काही ठिकाणी समोरची पायवाटही. ज्यांची पाळी, त्यांच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की ती शेजारच्या दारावर जाते. नवीन आलो तेव्हा पाटी बघून मी घाबरले होते, वाटलं आमची तक्रार झाली! खालच्या मजल्यावरच्या आजींनी हातात बादली घेऊन मला पहिला जिना पुसून दाखवला. वरून खाली यायचं, कोपरा आधी, कठडा शेवटी.

वर्षभराने आम्ही घरातही तशी पाटी केली. लाकडाचा तुकडा, त्याला सुतळी, त्यावर सात वर्षांच्या लेकाने रंगवलेली केरसुणी. ती ज्याच्या खोलीच्या दाराला, त्या आठवड्यात बैठकीची खोली त्याची. मला ही पाटी आवडते ती एकाच कारणासाठी: तिच्यामुळे मला तोंडाने काही सांगावं लागत नाही. रविवारी संध्याकाळी लेक स्वतः सुतळी सोडतो आणि बाबाच्या दाराला नेऊन बांधतो. बांधण्याआधी खोलीभर एकदा नजर फिरवतो, कारण पाटी देताना खोली स्वच्छ असायला हवी हे त्यानेच ठरवलंय.

*

रत्नागिरीजवळून

कोकणात आठवड्यापेक्षा पाऊस मोठा. आमचं वेळापत्रक म्हणजे मे अखेर आणि श्रावण. मे महिन्यात गाद्या, गोधड्या, पुस्तकं, सगळ्याला कडक ऊन दाखवून घ्यायचं. पावसात चामड्याच्या चपलेपासून कपाटातल्या साड्यांपर्यंत बुरशी धरते, तेव्हा उघडीप पडली की हातातलं काम टाकून कपाटांची दारं उघडायची. गणपतीआधी मुंबईहून चाकरमानी येतात. पूर्वी ते यायच्या आत आम्ही दोघांनी सगळं घर लख्ख करायचं, आणि चतुर्थीला पाठ धरलेली असायची. आता दीर दोन दिवस आधी येतात. माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची पानाफळांची चौकट, दिवे आणि वरच्या फळ्या त्यांच्याकडे. घर सगळ्यांचं आहे, तर झाडणंही सगळ्यांचं.

*

चार घरची धुणीभांडी करते, पुणे

हे माझी मुलगी टाइप करतेय. मी सकाळी सातला निघते, तीनला घरी येते. आमची खोली एक, नळ सगळ्या चाळीला मिळून. मालक रात्रपाळीला वॉचमन आहेत. आधी मी दुसऱ्यांची भांडी दिवसा घासायची आणि स्वतःची रात्री दहाला. हात सोलून निघायचे. मग नववीतल्या पोरीने भिंतीवर कागद लावला. नळ सकाळी साडेपाचला येतो, तेव्हा पाणी बाबा भरतील, कामावरून आले की लगेच, झोपायच्या आधी. ज्याचं ताट त्याने घासायचं. खोली पोरगा झाडेल. आधी पोरगा रडला. आता झाडतो, आणि कोणी चप्पल घालून आत आलं तर त्यालाच ओरडतो.

तुम्हा सगळ्यांना एक सांगायचंय. तुमच्या कागदावर मावशीच्या सुट्टीचा दिवस पण लिहा, आणि त्या दिवशीची भांडी कोण घासणार ते पण लिहा. मी रविवारी सुट्टी घेते आणि सोमवारी बेसिनमध्ये दोन दिवसांचा ढीग असतो, वरचं वाळून कडक झालेलं. मग मला सुट्टी कुठे मिळाली? एका घरी काका रविवारी सगळी भांडी घासून पालथी घालून ठेवतात. त्या घरी सोमवारी जायला बरं वाटतं.

*

मनगट मोडलेली, पुन्हा

ताई, तुमचं वाचलं आणि आमचा सोमवार आठवला. आमच्याकडेही ढीग असतो. बहात्तर कामांच्या यादीत हे नव्हतं, कारण ते आम्ही आमचं काम धरलंच नव्हतं. आज रात्री नवऱ्याने कागदावर त्र्याहत्तरावं काम लिहिलं: रविवारची भांडी, आणि पुढे स्वतःचं नाव. आमच्या मावशींच्या हाताला लागलेला साबण बघूनही हे आधी सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

*

नाशिक, वय ७१

मी आता एकटा राहतो. पत्नी गेली त्याला दोन वर्षं झाली. आमच्या घरात वेळापत्रक नव्हतं असंच मी समजत होतो.

ती गेल्यावर पहिले काही महिने मी केर काढायचो, कपडे मशीनला लावायचो, घर बरं चाललंय असं वाटायचं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि पहाटे वरच्या खोलीत घोटाभर पाणी. गच्चीवरची पन्हळ पानांनी तुंबली होती, पाणी दाराखालून आत आलं. तिची लोखंडी पेटी भिजली. फडकी पिळता पिळता मला प्रश्न पडला, चौतीस वर्षांत हे एकदाही कसं झालं नाही?

उत्तर टेबलाच्या खणात सापडलं. ती जुनी कालनिर्णय टाकत नसे. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख तिच्यात लिहिलेली असायची, एवढं मला माहीत होतं. आता नीट पाहिलं, तर चौकटींच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एकेक बारीक अक्षर. 'गा.' 'टा.' 'डां.' 'जा.' मुलीला फोन लावला, दोघांनी मिळून लावली ती अक्षरं. गाद्यांना ऊन. पाण्याची टाकी. कपाटातल्या डांबरगोळ्या. मोरीची जाळी. आणि प्रत्येक वर्षाच्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, 'ग.' गच्ची.

ती खुर्ची लावून वर जाते, हे मी कित्येकदा पाहिलं असणार. कशाला जाते, विचारलं नाही.

त्या सगळ्या कालनिर्णय मी महिन्यावार लावून घेतल्या आणि तिची अक्षरं नव्या वर्षाच्या चौकटींत उतरवली, तिच्यासारखीच, पेन्सिलीने. एक 'सा.' अजून लागलेला नाही, दर श्रावणात येतो. मुलगीही विचार करते आहे. तोवर मी तो तसाच उतरवून ठेवतो.

यंदा २५ मे च्या चौकटीत 'ग.' होता. सकाळी ऊन तापायच्या आत खराटा घेऊन वर गेलो. पन्हळीत शेजारच्या जांभळाची पानं साचली होती, दोन टोपल्या निघाली.