क्रिएटिनिन वाढलं की चिकन बंद? हिशेब तर करा

कोथरूडकर:
घरात किडनीचा रुग्ण, रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं, आणि त्यात आखाड आला की घरोघरी हाच वाद. चिकन बंद, त्याजागी वाटी-वाटी डाळ जास्त. डायलिसिस सुरू नसलेल्या ६० किलोच्या माणसाला किलोमागे ०.८ ग्रॅम धरलं तर दिवसाला ४८ ग्रॅम प्रोटीन. चार पोळ्या १३, दोन वाट्या भात ४, दूध-दही २०० मिली ६, भाजी ३. झाले २६. उरलेले २२ शंभर ग्रॅम कच्च्या बोनलेस चिकनमधून येतात, नाहीतर तीन वाट्या वरणातून. त्या वरणाला लागणाऱ्या ९० ग्रॅम तूरडाळीत पोटॅशियम (किडनी थकली की हे रक्तात साचतं) हजार मिलिग्रॅमच्या वर, चिकनमध्ये अडीचशेच्या आसपास. मग बंद काय करायचं?

पेठेतला:
कागदावर सगळं बरोबर. ताटात मात्र चिकन डाळीऐवजी येत नाही, डाळीच्या जोडीला येतं. आणि रस्सा कुठे गेला तुमच्या हिशेबात? पोटॅशियम आणि तसाच साचणारा फॉस्फरस पाण्यात उतरतात, वर वाटणातलं सुकं खोबरं, वर मीठ. पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा मीठ ही दिवसभराची मर्यादा. दोन वाट्या रश्शातच त्यातलं बरंच जातं. शिवाय डाळीतला फॉस्फरस फायटेटमध्ये (डाळी-धान्यांतला, आपल्याला नीट न पचणारा घटक) अडकलेला, शरीर त्यातला कमीच घेतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम नॉर्मल असेल तर डाळीला कशाला घाबरायचं?

कोथरूडकर:
रश्शाचं मान्य, अगदी शंभर टक्के. म्हणून सुकंच करा. तुकडे भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या, मग कांदा, आलं-लसूण, मिरपूड. खोबरं नको. लो-सोडियम मीठ तर अजिबात नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. नगेट्स-सॉसेजमध्ये बहुधा फॉस्फेट घातलेलं असतं आणि ते जवळजवळ सगळं अंगात मुरतं.

हडपसरवाली:
अहो, दोघंही डायलिसिसवाल्यांना विसरलात. तिथे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे याच माणसाला ६० ते ७२. घरचे मात्र जुनंच पथ्य चालवतात आणि माणूस वाळत जातो. अंड्याचा पांढरा भाग सोयीचा: एकात साडेतीन ग्रॅम प्रोटीन, फॉस्फरस नगण्य, तो असतो बलकात. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी दिली असेल तर ती घासाबरोबरच घ्यायची, तासाभराने घेऊन उपयोग नाही.

पेठेतला:
आणखी एक. रविवारी चिकन, सोमवारी सकाळी रक्त! मटण-चिकन शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं, ते रक्तात उतरून आकडा काही तास वाढलेला दिसतो. मग घरभर घबराट. तपासणीआधी निदान १२ तास मांसाहार नको.

कोथरूडकर:
हे बरं आठवलंत. माझाही एक मुद्दा राहिला: वजन कच्च्याचं करा, हाडं काढून. शिजल्यावर शंभराचं सत्तर-पंचाहत्तर भरतं. शिजलेलं शंभर ताटात घेतलंत तर प्रोटीन तिशीच्या घरात, आणि मग वरण न घेताही त्या दिवशीचा ४८ चा हिशेब ओलांडतो.